मुंबईस

लालबागच्या पोस्टात तिकिटांच्या रांगेत कौसल्या ताटकळत उभी होती. तिच्या पुढ्यात गिरणीतले दोघे कोकणी गाववाले.

"दाजी, घरचं पत्र आलंय. पंचायतीची नवी विहीर वरच्या वाडीला गेली."

"आणि देवळातल्या ग्रामसभेत आपली माणसं काय करत होती रे, भिवा?"

"गुरुजींनी एकेकाचं नाव पुकारलं. उत्तर एकच, 'मुंबईस!'"

"आणि आपण इथं मोर्च्यात घसा फोडतोय, मुंबई आमची म्हणून!"

"वरच्या वाडीतल्या चौघांनी हात वर केले. झालं, ठरलं."

"पण उत्तरं दिली कोणी?"

"बायकांनी. चाळीस जणी देवळाबाहेर उभ्या होत्या. माझ्या नावाला माझी बायकोच 'मुंबईस' म्हणाली."

"आणि तिचं नाव?"

"तिचं कशाला पुकारतील? ती तर गावातच असते."