फेकणारा हात

सुकदेव आबांनी साक्षीत "किरणला पाहिलं" म्हटलं, तर लताबाईचा मुलगा तुरुंगात जाणार होता. "नाही" म्हटलं, तर सुटणार होता. म्हणून ती धुळ्याच्या कोर्टात खांबाआड बसून आबांचं आणि त्यांच्या लेकीचं, नूतनचं, बोलणं ऐकत होती. बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीत दगड लागून नूतनच्या मुलाचा, जितेंद्रचा, डोळा गेला होता.

"बाबा, किरणला पाहिलं, एवढंच म्हणा."

"मी दगड देखा, पोरी. फेकणारा हात नही देखा."

"सगळं गाव त्याचंच नाव घेतं!"

"मंग गावनी साक्ष द्यावी."

"तुमचं पंचशील माझ्याच पोराला भोवणार का?"

"रोज सकाळी म्हणस, खोटं बोलणार नही. आज काय सुट्टी शे?"

"आणि करुणा? ती नातवासाठी नाही?"

"शे ना. पण किरणनी मायबी देव पाण्यात घालीसन बसनी व्हई."

"बसू द्या. तिच्या पोराला दोन डोळे आहेत."

आबांचा पुकारा झाला. आत जाऊन ते तेच म्हणाले, "हात नही देखा."

किरणने आईजवळ मिरवणुकीच्या रात्रीच सगळं कबूल केलं होतं.

तो सुटला. जितेंद्रचा डोळा गेलाच होता, आता आबांची लेकही तुटली. लताबाईकडे साक्षीत द्यायला एक वाक्य होतं. ते तिने दिलं नाही.