रेमीने काहीच लपवलं नव्हतं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, वेल्बर्नच्या महापौर माननीय कॅरल ट्वीडबाई. आपल्या हॉकी लीगचे उपाध्यक्ष श्री. लॉयड मॅन्सफील्ड, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. ग्लेन स्टॅडनिक आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या पॅटवहिनी. बॅजर्स संघाचे आजी-माजी खेळाडू. आणि असल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत गाड्या गरम करत बसून, वैतागून का होईना, इथवर आलेल्या माझ्या सगळ्या गावकऱ्यांनो, तुम्हा सर्वांना माझा सादर नमस्कार.

मी आयरीन हरिन्युक. आपल्या संघात खेळायला बाहेरगावची पोरं येतात, ती गावातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी राहतात, जेवतात, मोठी होतात. त्या घरांच्या वतीनं मी चार शब्द बोलावेत, असं आयोजकांनी ठरवलं. "गोड बोल हं आयरीन," अशी प्रेमळ सूचनाही झाली. तेव्हा सुरुवात गोडानंच करते.

स्टॅडनिकसाहेबांनी संघाचं मॅनेजरपद हाती घेतलं तेव्हा आपल्या बर्फाच्या रिंकचं छप्पर गळत होतं आणि खेळापेक्षा लोक कॉफी प्यायला जास्त येत होते. आज नवं छप्पर आहे, खेळाडूंना चांगली बस आहे, आणि त्या तिकडे काचेच्या कपाटात चषक आहे. हे त्यांनी केलं. नाही कसं म्हणू? लहानपणी हे गृहस्थ माझ्या धाकट्या भावाबरोबर आमच्या अंगणात खेळायचे. हरले की गोलपोस्ट म्हणून ठेवलेले बूट उचलून घरी निघून जायचे. हरणं त्यांना तेव्हाही सोसत नव्हतं. हसा, हसा. तेही हसतायत.

आता ज्या चषकाचं नाव काढलं, तो कसा आला, हे सांगितल्याशिवाय साहेबांचा गौरव पुरा व्हायचा नाही.

जुन्या मंडळींना रेमी फिडलर आठवत असेल. उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या वस्तीतला पोरगा. आई शाळेत स्वयंपाक करायची, मामा मासेमारी करायचा. रेमी बचाव फळीत खेळायचा. आमच्या घरी आला तेव्हा मी टेबलावर पिरोगीचं, म्हणजे आमच्या बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, अख्खं पातेलं ठेवलं. पोरगा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला आणि हळूच म्हणाला, "काकू, बाकीचे कधी येणारेत जेवायला?"

"बाकीचे कोण? हे तुझंच."

त्या दिवसापासून तो आमचा झाला. माझा नवरा ऑरेस्ट सहसा कुणाशी बोलत नाही, पण रेमीशी बोलायचा. जेवण झालं की दोघं पत्ते घेऊन बसायचे. तो डाव तुम्हाला ठाऊकच आहे, पंधरा-पंधराच्या बेरजा करायच्या. रेमीचे पत्ते टेबलावर पडायच्या आत त्याची बेरीज झालेली असायची. ऑरेस्ट म्हणायचा, "हा पोरगा हॉकीत वाया चाललाय, याला बँकेत बसवा."

नाताळाच्या सुट्टीआधीचा घरचा सामना. रेमी त्या रबरी चकतीमागे कोपऱ्यात वळला आणि मागून आलेल्या गड्यानं त्याला काचेवर आदळलं. तो आवाज मी माझ्या खुर्चीत ऐकला. पोरगा उठला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उठला म्हणजे बरा आहे, असंच आपण धरून चालतो, नाही का?

घरी आला आणि उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याला उजेड सोसेना, खिडक्यांना पडदे कमी पडले म्हणून मी घोंगड्या लावल्या. ऑरेस्टनं आपले पत्ते काढले. रेमीच्या हातात एक अठ्ठी होती आणि एक सत्ती. तो त्या दोन पानांकडे बघतच राहिला. मग ऑरेस्टकडे बघून म्हणाला, "काका, आज तुम्हीच मोजा ना माझं." ऑरेस्ट उठला आणि बाहेर जाऊन बर्फ ओढत बसला. अंगणात ओढायला बर्फ नव्हताच, सकाळीच साफ केलेलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "मेंदूला मार बसलाय. पूर्ण बरं वाटेपर्यंत स्केट पायात घालायचे नाहीत. यावर दुसरा मार बसला तर मी काहीच सांगू शकत नाही."

मी त्याच दुपारी स्टॅडनिकसाहेबांना फोन केला. ते आले. हातात डोनटचा खोका. ऑरेस्ट कामावर होता. स्वयंपाकघरात आम्ही तिघंच, मी, साहेब, आणि टेबलापाशी हातात डोकं धरून बसलेला रेमी.

"काय वाघा, कसा आहेस?"

"बरा आहे साहेब. तेवढा दिवा बंद कराल का?"

मी म्हटलं, "ग्लेन, दिवा लावलेलाच नाहीये."

साहेबांनी वर दिव्याकडे पाहिलं. मला तो क्षण स्वच्छ आठवतो, कारण त्यांना सगळं कळलं हे मला त्या क्षणी कळलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक डोनट उचललं आणि म्हणाले, "आयरीन, फ्लू आहे हा. गावभर साथ आहे."

"फ्लूनं माणूस सात आणि आठ विसरतो?"

"तू तुझ्या पिरोग्या बघ. हॉकी मी बघतो." मग रेमीच्या खांद्यावर हात ठेवून, "कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"फ्लू, साहेब."

"शाब्बास. डोक्याचं काही बोललास तर तुला कुणी घेणार नाही, कळलं ना? तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

पॅटवहिनी, तुम्ही खाली बघू नका. तुमचा यात काही संबंध नाही.

आमचा युक्रेनी नाताळ जानेवारीत येतो. त्या रात्रीच्या जेवणाला रेमी काळा चष्मा लावून बसला होता. गाणी सुरू झाली तसा हात जोडून उठला आणि खाली खोलीत गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, रेमी फिडलरला ब्रँटलीच्या संघाला देऊन त्या बदल्यात शेन बर्डेट घेतला. अदलाबदलीची मुदत संपत आली होती. साहेबांना गोल करणारा गडी हवा होता, ब्रँटलीला बचाव फळीतला. सौदा चोख. ब्रँटलीवाल्यांनी विचारलं होतं, पोरगा इतके दिवस खेळला का नाही? उत्तर गेलं, फ्लू होता, आता ठणठणीत आहे. हे मला फार उशिरा कळलं.

मी फोन लावला. "ग्लेन, त्यांना डोक्याचं सांगितलंस ना?"

"सगळं सांगितलंय. त्यांचे डॉक्टर बघतील. तू पोराची बॅग भर."

मी बॅग भरली. बसमध्ये बसवताना रेमी मला म्हणाला, "काकू, तिकडेही असंच घर मिळेल का हो?"

पुढचं आम्ही रेडिओवर ऐकलं. ब्रँटलीकडून त्याचा पहिलाच सामना. समालोचक म्हणाला, फिडलर बर्फावर आडवा झालाय, पण त्याला तर साधा खांदा लागलाय. मग म्हणाला, उठला. आणि लगेच, हा कुठे चाललाय? हा तर समोरच्या संघाच्या बाकाकडे चाललाय. मागे लोक हसले. रेडिओवर हसणं फार मोठं ऐकू येतं. ऑरेस्टनं तो बंद केला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून उभा राहिला.

ब्रँटलीनं लीगकडे तक्रार केली. जखमी माल गळ्यात मारला, सौदा रद्द करा. हो, मालच. सबंध चौकशीत पोराला ते 'खेळाडू' म्हणत होते, पण भांडण मालाचं होतं. हॉटेलच्या सभागृहात चौकशी झाली. श्री. मॅन्सफील्ड, आपण समितीवर होतात, मी बोलले तेव्हा आपण मला पाणी दिलंत, त्याबद्दल आभार.

मार होता, हे सगळ्यांनीच मान्य केलं. डॉक्टरीणबाईंनी समितीला तसं कळवलंच होतं. प्रश्न एकच होता, वेल्बर्नमध्ये हे कुणाला माहीत होतं? मी उभी राहून स्वयंपाकघरातलं सगळं सांगितलं. मग साहेब उठले. माझ्याकडे इतक्या मायेनं बघत बोलले की मलाच क्षणभर वाटलं, हे खरं बोलतायत. "आयरीनबाईंचा मुलांवर फार जीव. पण बायकांच्या मनाला एखादी गोष्ट लागली की ती घडल्यासारखी वाटते. मी भेटायला गेलो होतो, डोनट घेऊन. मला मुलानं स्वतः सांगितलं, फ्लू आहे. त्यानं लपवलं. तरुण पोरं लपवतात. मी त्याला दोष देत नाही."

कसं छान, नाही? दोष देत नाही!

मग त्या स्वयंपाकघरात हजर असलेल्या तिसऱ्या माणसाला विचारलं. रेमी उभा राहिला. सभागृहातले दिवे मोठे होते, तो डोळे बारीक करून बघत होता. "स्टॅडनिकसाहेबांना तुझ्या डोक्याच्या माराबद्दल माहीत होतं का? तुमचं काय बोलणं झालं?"

पोरानं फार प्रयत्न केला. मी त्याचे ओठ बघत होते. अंधारात दिव्याचं बटण सापडत नसावं तसा तो चाचपडत होता. शेवटी म्हणाला, "मला आठवत नाही हो. खरंच आठवत नाही. माफ करा."

झालं. माझा शब्द एकीकडे, साहेबांचा एकीकडे, आणि तिसऱ्याला आठवत नाही. त्याला का आठवत नाही, हे त्या खोलीतल्या एकाही शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. निकाल लागला, खेळाडूनं दुखापत लपवली, संघाचा दोष नाही, सौदा कायम. ब्रँटलीनं आठवडाभरात रेमीला मोकळं केलं. ऑरेस्ट आणि मी गाडी घेऊन गेलो, तर हा बसथांब्यावर बॅगेवर बसलेला. ऑरेस्टनं बॅग उचलली आणि एवढंच म्हणाला, "चल रे, घरी चल."

वसंतात शेन बर्डेटनं अंतिम सामन्यात निर्णायक गोल केला. बर्डेटबद्दल माझी तक्रार नाही, गुणी पोरगा. तुम्ही सगळे अग्निशमन दलाच्या बंबावर चषक घेऊन मिरवत आमच्या रस्त्यानं गेलात, भोंगे वाजवत. खाली तळघरात रेमी दोन उशांमध्ये डोकं खुपसून पडला होता, आणि मी पायरीवर बसून तुम्ही लवकर पुढे जावंत म्हणून वाट बघत होते.

कोण म्हणालं 'पुरे'? अहो, मीही तेच म्हणतेय. झालंच आहे माझं. महापौरबाई, एवढं बोलू द्या, मग मी आपणहून बसते.

रेमी आता आईजवळ असतो. मामाबरोबर जाळी ओढतो, चांगले दिवस असतात तेव्हा. गाडी चालवत नाही, वाचलं की डोकं धरतं. दर रविवारी मला फोन करतो आणि एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारतो. मागच्या रविवारी मी त्याला या समारंभाचं सांगितलं. तुम्हाला वाटेल शिव्या घातल्या असतील. म्हणाला, "साहेबांना माझा नमस्कार सांगा. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

आणि मग म्हणाला, "काकू, मी खरंच खोटं बोललो होतो का हो? सगळे म्हणतात मी लपवलं. ब्रँटलीच्या पोरांना मी फसवलं. मला आठवतच नाही. मी तसला होतो का?"

मी म्हटलं, नाही रे बाळा, मी तिथेच होते. तर म्हणतो, "तुम्ही मला जीव लावता म्हणून म्हणता."

हे मला सहन होत नाही. हॉकी गेली, डोकं गेलं, ते त्यानं सोसलं. पण आपण लबाड होतो की नव्हतो, हे त्या माणसाला स्वतःबद्दल माहीत नाही. माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि ज्याच्या सांगण्यावर बसेल असा सबंध जगात एकच माणूस आहे.

स्टॅडनिकसाहेब, आज तुमचं पद गेलं, आता ते कुणी काढून घेऊ शकत नाही. चषक कुणी परत मागणार नाही, श्री. मॅन्सफील्ड, मागणार आहात का? नाही ना. मला माफी नको. एकच वाक्य हवंय, 'मला माहीत होतं.' हा माइक मी तुमच्यासमोर धरते. तेच वाक्य आज संध्याकाळी मी त्याला फोन लावून तुमच्या तोंडून ऐकवेन, मग याची पुन्हा वाच्यता करणार नाही.

ग्लेन?

... बरं. पाणी प्या. सावकाश प्या.

आयोजकांनी मला इथे उभं राहण्याचा मान दिला, त्यांची मी आभारी आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघूनही मला थांबवलं नाही, त्यांचीही. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, मोठ्या माणसांचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मला अडाणी समजून पोटात घाला. बाकीच्या चुकांची क्षमा करायला मी कोण? ज्यानं करायची तो तिकडे तळ्याकाठी क्षमा करायला तयार बसलाय, फक्त चूक आपली स्वतःचीच होती असं समजून.

नमस्कार.