बारावा दात

अगं, तो काळा दगड हलवू नकोस, पंख्याने कागद उडतील — माझ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे आहेत — हां, असू दे तिथेच, आणि बस त्या स्टुलावर. तर काय म्हणत होतीस, पत्र? दोन ओळींचं? तुझ्या आईने दगडातल्या पानांना दात कोरले नव्हते, असं मी लिहून द्यायचं, बावीस वर्षांनी? आणि ते कशाला, तर ती आता अंथरुणातून उठत नाही, बोलत नाही, डोळे मिटून नुसती ऐकते — मग वाचणार कोण गं ते? तू वाचून दाखवणार. वा! हुशार आहेस, आईवर नाही गेलीस.

घरी तुला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. ताईंनी घात केला. सगळा विभाग मला मॅडम म्हणायचा, तुझ्या आईची मात्र मी आपली ताई. मीच तिला हातोडी धरायला शिकवली — छिन्नी कुठे टेकवायची, घाव कसा हलका घालायचा, म्हणजे दगडाच्या बरोबर दोन फाका होतात, एकीवर पान आणि दुसरीवर त्याचाच ठसा. पहिली फाक उघडली तर बाई रडायला लागली. का, तर इतक्या लाखो वर्षांनी त्या पानाला ऊन लागलं म्हणून! मी म्हटलं, रडून झालं असेल तर नंबर घाल त्याच्यावर.

आता नीट ऐक, म्हणजे तुझी आई काय करून बसली ते तुला कळेल. जुनं रान उबदार होतं की गारठ्यातलं, हे कशावरून ओळखायचं? पानांच्या कडांवरून. उबदार हवेत बहुतेक झाडांच्या पानांच्या कडा गुळगुळीत, थंड हवेत दातेरी पानांची झाडं जास्त. गुळगुळीत किती, दातेरी किती, मोजायचं, की त्या काळची हवा कळते. आमच्या खाणीतली पानं मी तीस वर्षं मोजली — उबदार. बारा महिने उबदार. माझं पुस्तक त्यावर, माझी खुर्ची त्यावर. आणि ही काल आलेली मुलगी मला विचारते, ताई, आपण टाकून देतो ती पानं मोजायची का? आमच्यात रीत होती ना, माझ्या सरांपासूनची — फाटकी पानं खाणीवरच टाकायची, ढिगाऱ्यात, घरी आणायची नाहीत. कपाटात जागा कुठे होती एवढी? हिने दोन उन्हाळे त्या ढिगाऱ्यात बसून काढले, सुईने एकेका पानाची कड मोकळी केली, आणि म्हणे ती फाटकी नव्हतीच. दातेरी होती. एक नाही, दोन नाही, एकेचाळीस. आम्ही दातेरी पानांना फाटकी समजून फेकत आलो आणि म्हणून आमचं रान उबदार, असं तिने मला चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर सांगितलं. आनंदाने सांगितलं गं! समोरच्याचं तोंड बघून तरी माणसाने गप्प बसावं की नाही?

मग काय व्हायचं ते झालं. तक्रार गेली. निनावी. की सुईने कड मोकळी करायच्या नावाखाली हिने दगडच कोरलाय, दात हिचेच आहेत. चौकशी समिती बसली. समिती म्हणाली, सोपं आहे, दुसऱ्या फाका आणा — दात खरे असतील तर तिकडेही दिसतील, कोरलेले असतील तर नाही दिसणार. कपाट उघडलं तर खण रिकामा. चावी? चावी माझ्याकडे, त्यात काय एवढं, सगळ्याच कपाटांच्या चाव्या माझ्याकडे असायच्या. समितीला सांगितलं तेच आज तुला सांगते, त्या दुसऱ्या फाका मी डोळ्यांनी पाहिलेल्याच नाहीत. झालं, दातकोरी नाव पडलं तिला. ती जिन्यावरून जायला लागली की शिपाईसुद्धा म्हणायचा, दात कोरून पोट भरत नाही, बाई! — मी पाडलं नाव? म्हणाले असेन एकदा गमतीत, लोकांनी उचललं. शेवटच्या दिवशी या दारात उभी राहिली, म्हणाली, ताई, तुम्ही तरी सांगा. मी म्हटलं, दार लाव, धूळ येते.

रुमालात काय आणलंयस? दाखव. — हं. हेच ते. समितीपुढे हेच ठेवलं होतं. सुंदर आहे, तेवढं मी कबूल करते, मला जन्मात असं पान सापडलं नाही. शीर न् शीर बघ. आणि या कडेचे दात, बारा, आणि बारावा टोकापाशी असा किंचित आत वळलेला — सुईने असा दात कोरायची कुणाची छाती आहे, सांग मला! काय? अकरा? नीट मोज, चष्मा देऊ का? बारावा टोकापाशी... टोक नाहीये होय. बरोबर, टोक फुटतानाच निघालं, ते दुसऱ्या फाकेलाच चिकटून —

तिच्या वहीत वाचलं असेल मी. वही समितीने पहिल्याच दिवशी सील केली? असेल. मग तिनेच सांगितलं असेल. अशी बघू नकोस माझ्याकडे, या वयात चार गोष्टींची सरमिसळ होते माणसाची. — ए, तो दगड कशाला उचलतेस? सांगितलं ना कागद उडतील म्हणून! पालथाच असू दे, खाली काही नाहीये, नुसता खरबरीत — अगं एका हाताने नको, पडेल ती! दोन्ही हातांनी धर, दोन्ही हातांनी!

फाकेवर फाक बसली? बसणारच. केसभरही फट राहणार नाही. बाकीच्या चाळीस मी त्याच ढिगाऱ्यात नेऊन टाकल्या, ही एवढी टाकवली नाही. सगळे घरी गेले की उलटी करून बघते, रोज, आणि रोज तुझ्या आईचा हेवा वाटतो मला, अजून. झालं समाधान? पत्र मिळायचं नाही. ने ती, खुशाल ने. दाखवणार कुणाला? समितीतले तिघेही गेले. आणि कुणी मला विचारलंच, तर मी म्हणेन, ही फाक पहिल्यापासून यांच्याच घरी होती, बावीस वर्षं बसून लेकीने तिलाही दात कोरले. माझं ऐकतील लोक. तेव्हाही ऐकलं होतं.

उडू देत कागद, उचलू नकोस, मी बघते. — आणि ऐक, आईच्या हातात देशील ना, तेव्हा दातांची बाजू वर ठेव, म्हणजे बोटांनी तिला — नाही. काही नाही. जा तू. दार लाव, धूळ येते.