आफ्राच्या पोरकट स्की

आफ्रा: बुटांचे खटके लावून झाले असतील तर उठ. ऊन चढलं की खालच्या उताराचा नुसता राबडा होईल.

कोर्बिनियान: आई, अजून विचार कर. पथकाची बर्फगाडी आत्ताच वळलीय. हाक मारली तर थांबेल. बसून जाऊ खाली.

आफ्रा: गाडी तुझ्या बचाव पथकाची, माझी नाही. हिवाळ्यात दर आठवड्याला खाली उतरायला कोण पाठवणार आहे मला गाडी?

कोर्बिनियान: इन्सब्रुकच्या डॉक्टरनं तुला चालायला सांगितलंय. नव्या गुडघ्यानं डोंगर उतरायला नाही.

आफ्रा: त्यानं नको पण म्हटलं नाही. काय ठरलं होतं आपलं, तू सांग.

कोर्बिनियान: या निवाऱ्यापासून खाली चर्चपर्यंत, माझा हात न धरता. जमलं तर पुढचा हिवाळाही निवारा तूच चालवायचा. नाही जमलं तर किल्ल्या गिर्यारोहण मंडळाला परत आणि तू आमच्याकडे राहायला.

आफ्रा: आणि पडले तर?

कोर्बिनियान: तुझी तू उठायचंस. पण या असल्या स्कीवर? टोकही वर, शेपूटही वर! पोरं उड्या मारायला घेतात या. बाबांच्या काय वाईट होत्या?

आफ्रा: तुझ्या बाबांच्या स्की त्यांच्यासारख्याच होत्या, ताठ. वळ म्हटलं की आधी वाद घालायच्या. गेल्या वर्षी खालच्या मैदानात त्या स्कींनीच बर्फाच्या पापुद्र्याखाली अडकवलं ना मला?

कोर्बिनियान: नको तो विषय. ओठ निळे पडले होते तुझे. इतक्या लोकांना बर्फातून उकरलंय मी, पण त्या दिवशी हातात फावडं धरवत नव्हतं.

आफ्रा: ठाऊक आहे रे. म्हणून तर स्की बदलल्या. चल.

कोर्बिनियान: सावकाश! वाऱ्यानं इथं बर्फाची काच करून ठेवलीय. स्कीची कड रोव!

आफ्रा: रोवतेय! धरतच नाहीयेत. थरथरतायत नुसत्या.

कोर्बिनियान: टोकं मऊ आहेत ना त्यांची! मी म्हणत होतो... आई! आई!

आफ्रा: तिथंच थांब! एक पाऊल पुढं टाकलंस तर खबरदार.

कोर्बिनियान: लागलं का?

आफ्रा: बुडाला. गुडघा शाबूत आहे. काठी कुठं गेली? हं, ही. बघू नकोस असा, बघितलं की उठायला जास्त वेळ लागतो.

कोर्बिनियान: बरं, पाठ फिरवली.

आफ्रा: उठले. काचेवर या कुचकामी आहेत, कबूल. अशा जागी जोर करायचा नाही, आडवं घसरत उतरायचं. आता झाडीत शीर, सावलीत बर्फ अजून भुसभुशीत असेल.

कोर्बिनियान: माझ्या मागून ये.

आफ्रा: मागून कशाला? कोर्बी, बघ बघ! कशा तरंगतायत!

कोर्बिनियान: झाड आहे पुढं!

आफ्रा: दिसतंय मला झाड. जरा पाय फिरवला की शेपूट आपणहून सुटतंय. तुझे बाबा म्हणाले असते, ही काय नाचायची जागा आहे?

कोर्बिनियान: आणि मग हळूच नाचले असते.

आफ्रा: छे, लाजून मेले असते.

कोर्बिनियान: थांब आता. पुढं तेच मैदान आहे.

आफ्रा: ओळखलं मी.

कोर्बिनियान: वर पापुद्रा, खाली पोकळ. जंगलातून वळसा घालू.

आफ्रा: आज वळसा घातला तर जन्मभर घालत बसेन. पाय जवळ, वजन मधोमध, टोकं वर. तू मागं राहा.

[आफ्रा मैदानात उतरते. पापुद्रा फुटल्याचा आवाज तेवढा येत राहतो.]

कोर्बिनियान: आई! दिसत नाहीस! आई!

आफ्रा: इकडं, खाली, मेंढ्यांच्या कुंपणाशी! तू कुठं राहिलास?

कोर्बिनियान: माझं टोक घुसलं पापुद्र्याखाली. उताणा पडलोय.

आफ्रा: येऊ का वर? हात देते.

कोर्बिनियान: काही नको! पथकात कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं.

आफ्रा: बघते, जमतंय का.

कोर्बिनियान: आलो एकदाचा. आता खाली सगळा राबडा आहे बघ. गुडघा कसा आहे?

आफ्रा: दुखतोय. खोटं कशाला बोलू? पण तुझ्या घरी खिडकीशी बसूनही दुखतोच. तिथं त्याला दुसरं काही कामच नसतं. सर बाजूला, हे उंचवटे मला उड्या मारत उतरायचेत.

कोर्बिनियान: आई, उड्या नाही ठरल्या आपल्या! आई!

आफ्रा: ये लवकर! चर्च आलंसुद्धा.

कोर्बिनियान: हो. आलं.

आफ्रा: मग तोंड का पाडलंयस?

कोर्बिनियान: तू वर एकटी असशील. पडलीस आणि मी नसलो तर?

आफ्रा: रोज संध्याकाळी निवाऱ्यातल्या बिनतारी रेडिओवर बोलेन तुझ्याशी. नाही बोलले तर ये. आणि वाऱ्यानं वर काच केली असेल त्या दिवशी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. तेवढं आज कळलं मला.

कोर्बिनियान: रोज बोलशील?

आफ्रा: रोज.

कोर्बिनियान: मंडळाला मी फोन करतो मग.

आफ्रा: काय सांगशील?

कोर्बिनियान: पुढच्या हिवाळ्याचं सरपण या उन्हाळ्यातच वर चढवायचंय म्हणून.