वकिलांचं दार

वडिलांच्या मृत्युपत्राच्या कामासाठी मी लॉस एंजेलिसच्या कोर्टात तपासणीच्या रांगेत उभी होते. पुढे दोन वकील होते, एक पन्नाशीचा आणि एक त्याहून वयस्क बाई.

"गराबेद, या रांगेत काय करतोस? कार्ड दाखव, वकिलांच्या दारानं जाऊ."

"सवय करतोय, टॉलिव्हर बाई. सनद गेली की हीच रांग."

"अजून गेली नाही. माफी मागितलीस तर वकिलांची शिस्त समिती समज देऊन सोडेल."

"न्यायाधीश भाडेकरूंचं ऐकूनच घेत नाहीत, एवढंच रेडिओवर बोललो. खोटं आहे?"

"ते चौकशीत ठरेल."

"चौकशीच कशाला? तोंड दाबायला केलेला दावा सुरुवातीलाच फेटाळायचा कायदा आहे ना? त्या भाडेकरूंच्या घरमालकानं मला कोर्टात खेचलं, तेव्हा तुम्हीच तो वापरलात."

"तो दिवाणी दावा होता. ही वकिलांच्या शिस्तीची कारवाई आहे. इथे तो कायदा लागू नाही म्हणतील."

"म्हणजे घरमालकापासून वाचलो, आपल्याच लोकांपासून नाही."

"तो लागू केला तर अशिलांना लुबाडणारेही 'आम्ही फक्त बोललो' म्हणत सुटतील."

"मी कुणाला लुबाडलंय?"

"नाही."

"मग कारवाई फेटाळायचा अर्ज करा."

"हरलो तर माफीची वाटही बंद होईल. नीट विचार कर."

"माझ्या भाडेकरू अशिलांना मी रोज सांगतो, खरं बोला, कुणी काही करत नाही. आता त्यांना काय सांगू?"

रांग पुढे सरकली.

"वकील आहात ना, मॅडम?" पहारेकरी म्हणाला. "तुमचं दार तिकडे आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. हातातलं कार्ड पर्समध्ये टाकून त्यांनी घड्याळ काढलं आणि गराबेदच्या कमरेच्या पट्ट्याशेजारी तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवलं.