बोहारणीला दिलेला स्वेटर

आमच्या सुरेखानं एकदा मनावर घेतलं की ती कुणाचं ऐकत न्हाई, हे तुम्हाला माहीतच हाय. यंदा दिवाळीच्या आधी तिनं घरातला पसारा काढायला घेतला. दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं नवरा-बायको, आन् मोत्या आन् काळू ही दोन कुत्री.

"आधी ह्या चिंध्या घालवते," म्हणाली, आन् जुन्या कपड्यांचं गाठोडं बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. त्या गाठोड्यात माझा फाटका स्वेटर गेला. दोन्ही कुत्री रोज त्याच्यावरच झोपायची.

झालं, दोघांनी भाकरीला तोंड लावायचं सोडलं. दारात बसून नुसती रस्त्याकडं बघायची. मी काही बोललो की सुरेखा म्हणायची, "बसू द्या. भूक लागली की खात्यात."

तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो, तर बोहारीण परत दारात बसलेली. सुरेखाच्या हातात तिच्या भावाच्या लग्नातली साडी.

"मावशी, ही घ्या, आन् तेवढा स्वेटर माघारी द्या."

बोहारीण सरळ बाई. ती म्हणाली, "अगं ताई, फाटक्या स्वेटरपायी एवढी चांगली साडी कशाला घालवती? त्यापरीस हीच आंथर की कुत्र्यांना."

सुरेखा माझी नजर चुकवत हळूच म्हणाली, "काल आंथरली होती मावशी. दोघंबी उठून फरशीवर जाऊन झोपली."