हैबतरावाच्या जीपची मागची चाकं

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. दामूअण्णा, मृदंगावरचा हात काढा. आता थोडा वेळ माझं तोंड वाजणार आहे!

आज एकच प्रश्न विचारायचाय. दोघांना एकत्र बांधलं — नवरा-बायको म्हणा, भाऊ-भाऊ म्हणा — तर ती दोघं सारखी दिसायला पाहिजेत, का सारखी चालायला? काय हो वत्सलाकाकू, हसताय का? घरचं आठवलं? राहू द्या! आपण दुसऱ्याच्या घरात डोकावू, ते सोपं असतं.

तर ऐका. खडकवणे नावाचं डोंगराच्या पायथ्याचं गाव. वर माथ्यावर डोंगराई देवीचं देऊळ. गावात हैबतराव सुर्वे नावाचा गडी. अंगानं उंच, आवाजानं मोठा, आणि मताचा पक्का! म्हणजे एकदा चुकला की चुकीवर सुद्धा पक्का. आपल्यात नाही कुणी तसा... आहे? हात नका वर करू, समजलं मला.

हैबतरावाकडे एक जीप. वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि डेअरीला घालायचं. तो गाडी चालवायचा, बायको कुंदा मागून कॅन भरून घ्यायची. धंदा दोघांचा. पण नाव कुणाचं? हैबतरावाची जीप, हैबतरावाचं दूध! कुंदा बिचारी मागच्या फळीवर.

जत्रेला या जीपला मोठा मान. पालखी पहाटेच तरण्या पोरांच्या खांद्यावरून पाऊलवाटेनं वर जायची. आणि गाडीवाटेनं जायची ही जीप — त्यात प्रसादाचा तांदूळ, गूळ, आणि म्हादबा गुरव. म्हादबानं उभा जन्म देवीची पूजा केलेली. आता गुडघे गेले, पूजा पुतण्याकडे आली. पण जत्रेला दुपारच्या आरतीचा पहिला टोला म्हादबाच्याच हातचा, हा गावचा रिवाज. वर्षात तेवढंच एक दर्शन म्हाताऱ्याला. हैबतला म्हणायचा, "पोरा, तू नेतोस म्हणून माझी आन् तिची गाठ पडतीया."

आता हैबतच्या मनात आलं, जत्रेला जीप नटवायची. गेला तालुक्याला मुश्ताकभाईच्या टायरच्या दुकानात. बघतो तर काय — काळीभोर, रुंद, खडबडीत टायरं! नवी चकचकीत रिमं! हैबतचा जीव तिथंच अडकला. मुश्ताकभाईंनी पुढं एक लावून बघितलं. हँडल वळवलं की टायर मडगार्डला घासतंय. म्हणाले, "पुढं नाही बसत, हैबतराव."

"मग मागंच लावा की!"

"अहो, ही जुन्यापेक्षा चार बोटं उंच आहेत. मागं रुंद घ्या पाहिजे तर, पण उंची पुढच्याएवढीच ठेवा. तुम्ही चढाला चारी चाकं जोडणारा फोर-बाय-फोरचा दांडा टाकता ना?"

"टाकतोय कुठं? वर्षातनं एकदा!"

ऐकलंत? वर्षातनं एकदा! आणि ते एकदा म्हणजे कधी? जत्रेच्याच दिवशी! ज्या दिवसासाठी नटवायची, त्याच दिवशी टाकायचा! पण हैबतराव हिशोबात हुशार. म्हणतो कसा, "ट्रॅक्टर बघा. मागं केवढालं चाक, पुढं केवढुसं. चारी चाकं वढत्यात. त्याला काय हुतंय?"

मुश्ताकभाई म्हणाले, "ट्रॅक्टर बनवणाऱ्यानं आतले दाते तसे पाडलेत. लहान चाक जास्त फिरतं, मोठं कमी. जीपच्या आत दोघांना सारखंच फिरवतात."

"बसवा तुम्ही," हैबत म्हणाला. गिऱ्हाइकापुढं किती बोलणार माणूस? बसवली.

घरी आला. जीप मागून उचललेली, पुढून वाकलेली. कुंदा अंगणात आली, एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अहो, मागच्यांचं बारसं केलं, आन् पुढच्यांना जुनंच लुगडं?"

"तुला काय कळतंय गाडीतलं?" झालं! ही एक ओळ बोलली की नवऱ्याला वाटतं वाद जिंकला. वाद संपत नाही, मंडळी. बायको बोलायची थांबते, एवढंच.

आता गंमत बघा. जीप दणक्यात चालली! दूध गेलं, कॅन आले, गावात वाहवा झाली. का? तर सपाट रस्त्याला फक्त मागची चाकं ओढतात. पुढची आपली मोकळी, त्यांच्या त्यांच्या चालीनं फिरतात. कुणी कुणाला बांधलेलं नाही, तर भांडण कसलं?

आला जत्रेचा दिवस. पालखी वर गेली, सारे तरणे गडी तिच्याबरोबर गेले. जीपमध्ये पुढं म्हादबा — धुतलेलं धोतर, नवी टोपी. मागं कुंदा, तांदूळ-गुळाच्या गोणी, आणि टपावर देवळाच्या मांडवाचा एक लांब बांबू. चढ लागला. हैबतनं दांडा ओढला — खट्! चारी चाकं एकत्र बांधली गेली.

खाली मुरमाचा रस्ता, तिथं निभावलं. मुरमावर चाक थोडं घसरतं, कमी-जास्त असेल ते सोडून देतं. पण वरच्या वळणाला औंदा नवं काँक्रीट पडलेलं! कडक, खरबरीत, घसरू म्हणून देत नाही. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापणार, लहान चाक कमी. आणि आतून सांगणं काय? दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे! मागची म्हणतात, मी इथवर आलो. पुढची म्हणतात, मी अजून तिथंच! पुढची चाकं लागली फरफटायला. चीं चीं आवाज, हँडल जड झालं, म्हादबानं दार घट्ट धरलं.

"अहो, थांबा! काहीतरी वढतंय," मागून कुंदा.

हैबतनं दांडा काढायला बघितला. निघेना! दोन्हीकडून ताण बसलेला, तो निघतोय कसा? जरा मागं घेतली असती गाडी, तर सैल झाला असता. पण मागं घेणं कुणाला? हैबतरावाला? त्यानं दिला ॲक्सिलेटर दाबून —

धाड!

खालून तेल वाहायला लागलं. आतले दाते मोडले. जीप जागच्या जागी.

वरून देवळातले ढोल ऐकू येत होते. आरतीची तयारी चाललेली. फोन काढला, तर डोंगरात रेंज कुठली? म्हादबानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. बस्स. हैबतला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती टोपी बघितली आणि डोळ्यांत पाणी आलं त्या दांडग्या गड्याच्या.

कुंदानं तोवर बांबू खाली ओढलेला. गोणीवरची घोंगडी घेतली, दोन्ही टोकं बांबूला बांधली. डोली झाली! म्हणाली, "म्हादबा, बसा. अहो, उचला पुढून."

पुढं हैबत, मागं कुंदा. हैबत ताडमाड, कुंदा त्याच्या छातीएवढी. हैबतनं घाईनं टाकली ढांग, कुंदाची दोन पावलं होईपर्यंत हा पुढं! बांबू हिसकला, कुंदा गुडघ्यावर पडता पडता सावरली, म्हादबा घोंगडीत गडबडला. दोनदा झालं, तीनदा झालं. मग आतून म्हातारा ओरडला,

"आरं हैबत्या! तुझ्या बायकुला वढतूयास का मला नेतूयास? पाऊल येक करा की!"

हैबत थांबला. मान वळवून मागं बघितलं. कुंदाचा गुडघा खरचटलेला, कपाळावर घाम, खांदा लाल. लग्न झाल्यापासून ही बाई आपल्यामागं अशीच फरफटत आली, आणि आपल्याला वाटत होतं गाडी छान चाललीय! ते त्याला त्या वळणावर दिसलं.

"तू बोल," तो म्हणाला. "तू पाऊल सांग, तसा मी टाकतो."

"डावं... उजवं... डावं..." कुंदा सांगत गेली. तो उंचच राहिला, ती बुटकीच राहिली. ढांग मात्र त्यानं आखूड केली. डोलीचं हिंदकळणं थांबलं. म्हादबानं टोपी डोक्यावर घातली!

आरतीला उशीर झालेला. पुतण्या घंटेखाली हात जोडून उभा होता, पण टोला दिला नव्हता कुणी. सगळा गाव थांबलेला. म्हादबाला दोघांनी काखेत धरून उभं केलं, आणि त्यानं हात उचलून घंटेला लावला... दामूअण्णा, आता मारा थाप! वाजवा!

हां, थांबा. तो मृदंग इकडं करा जरा. बघा, मंडळी. याचं एक तोंड मोठं, एक लहान. कुणी म्हणतं का, दोन्ही सारखी करा? नाही. पण दामूअण्णांनी एका तोंडावर एक ताल धरला आणि दुसऱ्यावर दुसरा, तर तुम्ही इथं बसाल का?

पुढं हैबतनं जीप दुरुस्त केली. मुश्ताकभाईंकडून मागं रुंदच टायरं घेतली. हौस सोडली नाही त्यानं! फक्त उंची पुढच्याएवढी. विकत घ्यायला जाताना कुंदाला बरोबर घेऊन गेला, तेही पुढच्या सीटवर.

झालं आख्यान. आता तुमचं. कीर्तन संपलं की तुम्ही घरी निघता, ते मी रोज बघतो. पुरुषमाणूस पुढं, हात मागं बांधून, ढांगा टाकत. बाई मागं — कडेवर पोर, हातात पिशवी, अर्धी पळत, अर्धी चालत. सपाट रस्ता आहे, म्हणून काही मोडत नाही. पण चढ येणार आहे, मालक! आजारपण येईल, म्हातारपण येईल, एकमेकांना बांधून घ्यावंच लागेल. तेव्हा दांडा ओढाल आणि आतून धाड असा आवाज येईल.

तर बोला, विठ्ठल विठ्ठल! आणि उठा. आज मी आधी नाही जाणार. इथं पारावर उभा राहतो, आणि कोण कसं चालत घरी जातंय ते बघतो!